बोटरबूमची उन्हाळी झोप

१२ ऑक्टोबर
लहानपणी मी आणि धाकटी बहीण दोरतिया बोटरबूमच्या, म्हणजे खोडात पाणी साठवणाऱ्या त्या डोंगरी झाडाच्या, तोडलेल्या बुळबुळीत फांदीवर बसून कॉन्व्हेंटमागच्या खडकावरून घसरायचो. फ्रॉक फाटायचे. सिस्टरनी विचारलं की दोरतिया माझ्याकडे बोट दाखवायची. फार गोड दिवस.
आज माझ्या बोटरबूमचं शेवटचं पान गळलं. कुंडीतल्या दगडाच्या भेगेत रोवून वाढवलेला. वाऱ्यानेच खुरटवला, वाकवला. कात्री लावावी लागली नाही. निसर्गाचा बोन्साय. आमच्याकडे आता उन्हाळा लागला; जूनच्या हिवाळी पावसापर्यंत झोप. निजण्याआधी पोटभर पाणी पाजलं.

३ नोव्हेंबर
काखेत गाठ लागते. वजनही उतरलंय. उन्हाळ्यात झाड पानं टाकतं, बाईने थोडं मांस टाकलं तर बिघडलं कुठे?

९ डिसेंबर
गावच्या दवाखान्यातली नर्स ब्यूकेस म्हणाली, आंटी, सोमवारच्या गाडीने स्प्रिंगबॉकच्या मोठ्या इस्पितळात गाठ दाखवून या, थांबू नका. पाऊस आला की जाईन म्हटलं. झोपलेल्याला कुणी उठवतं का?
डोंगरावरचे बोटरबूम बिनपानाचेच फुललेत. माझा नाही. दमला असेल.

२० जानेवारी
सोमवार फार तापला. पुढचा नक्की.
दोरतिया म्हणाली, ग्रेटे, खोड जरा दाबून तर बघ. मी म्हटलं, आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या झाडाला मेलं कोण म्हणतं? ती म्हणाली, म्हणूनच तर मेलेलं कळत नाही.
नेहमीचा खवचटपणा.

१४ मार्च
हात वर होत नाही. केस दोरतिया विंचरते. ओढून विंचरते.

३ जून
पाऊस! सगळा डोंगर पालवलाय. माझा अजून नाही. त्याला कॉन्व्हेंटचं वळण आहे, ढकलाढकली करणार नाही.

११ जून
दोरतियाने कुंडी सरकवली, तर खोड तिच्या हातात आलं. आत सगळं कुजून गेलेलं, उरली नुसती कागदासारखी साल. म्हणाली, निजण्याआधी कुणी इतकं पाणी पाजतं का गं? मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.
मी सोमवारी जाते म्हटलं.

२४ जून
स्प्रिंगबॉक. डॉक्टर पोरगेलासा, सभ्य. म्हणाला, आंटी, जरा आधी आला असतात तर. वाक्य तिथेच सोडलं. मीही पुरं करायला सांगितलं नाही.

८ जुलै
माझ्यामागे शिवणयंत्र नर्स ब्यूकेसला. मोठं पातेलं चर्चच्या स्वयंपाकघराला. गादी कुणालाच नको, जाळावी.
शेळ्या दोरतियाला. पण तिने आधी आपली काख तपासून घ्यावी; आमची आईही याच दुखण्याने गेली. तोवर शेळ्या नर्सच्या दारी बांधाव्यात, दूध नर्सने प्यावं. पाऊस येऊ दे, मग बघू, असं दोरतिया म्हणेल. ऐकू नये.