चोक न ओढता सुरू होणारी गाडी

मी, खंडेराव विनायक दळवी, वय सदुसष्ट, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, राहणार मयूर विहार फेज एक, दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात गाडीबद्दल 'भंगारात द्यावी' एवढीच ओळ होती. ती ओळ बदलण्यासाठीच हे नवे मृत्युपत्र करीत आहे.

कलम १. राहता फ्लॅट मुलगा सुजय आणि मुलगी क्षिप्रा यांना सारखा. विकायचा की ठेवायचा हे दोघांनी एकत्र बसून ठरवावे, फोनवर नव्हे.

कलम २. बँकेत आणि पोस्टात जे असेल ते निम्मे निम्मे. त्यावर भांडण होईल इतके ते नाही.

कलम ३. माझी पत्नी कै. वैजयंती हिचे दागिने, साड्या आणि स्वयंपाकघरातील भांडी क्षिप्राला. कडेला पोचा आलेले ॲल्युमिनियमचे पातेले मात्र यात धरू नये. क्षिप्राने ते आईची आठवण म्हणून मागितले होते. परंतु त्यात आता दूध तापवता येणार नाही. कारण पुढे येत आहे.

कलम ४. माझी राखाडी फियाट, १९६४ सालची, सुजयला. बाबांनी भावाला झुकते माप दिले असे क्षिप्राला वाटू नये, म्हणून हे कलम लांबले आहे.

१९९३ च्या हिवाळ्यात ही गाडी गरम झाली की सिग्नलला बंद पडू लागली. निजामुद्दीन पुलावर मागच्या बसवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. काळा धूर येई, पेट्रोलचा वास येई. एका गॅरेजने प्लग बदलले, दुसऱ्याने पंप बदलला, तिसऱ्याने इंजिन उतरवायला सांगितले. मी मात्र एका गोष्टीवर खूश होतो. जानेवारीच्या धुक्यात सोसायटीतल्या नव्या मारुत्या खोकत असत आणि माझी गाडी चोक न ओढता लगेच सुरू होई. हे मी सर्वांना ऐकवत असे.

वैजयंती शाळेत विज्ञान शिकवत असे. एका सकाळी शेजारी बसून तिने विचारले, "अहो, चोक कशासाठी असतो?"

"थंडीत इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं म्हणून."

"मग हिला चोक लागत नाही, म्हणजे हिला न मागताच जास्त मिळतंय. तुम्ही ज्याची फुशारकी मारताय ना, तोच हिचा आजार आहे."

रविवारी तिने कार्बोरेटरचे झाकण उघडायला लावले. आत चहाच्या कपाएवढी वाटी असते. तिच्यात पितळेचा पोकळ फ्लोट पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल ठरलेल्या पातळीला आले की तो वर उचलला जातो आणि सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. तोच जड होऊन खाली बसला तर वाट बंद होत नाही. तिने फ्लोट काढून पुसला, कानाशी हलवला आणि माझ्या हातात दिला. "घ्या, ऐका." पोकळ असायला हवा त्या पितळेत थेंबभर काहीतरी डुचमळत होते.

तिने वरील पातेल्यात पाणी तापवले, गॅस बंद केला आणि पातेले बाल्कनीत नेले. "पेट्रोल आणि आग एका घरातही नकोत," असे म्हणून सांडशीने फ्लोट पाण्यात बुडवून धरला. क्षणभर काही झाले नाही. मग सांध्याच्या एका जागेवरून मोहरीहून बारीक बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. मी नोकरीभर फाइली तपासल्या. इतके नेमके उत्तर मला कुठल्याही फाइलीतून मिळालेले नाही. दोघेही वाकून पाहत राहिलो. ही गाडी भंगारातच जाणार असे भाकीत करणारे शेजारचे राजीव खुराणा त्यांच्या बाल्कनीतून म्हणाले, "भाभीजी, अंडा उबल रहा है क्या?"

"हां भाईसाहब," ती म्हणाली, "आपकी भविष्यवाणी का."

फ्लोट पूर्ण कोरडा झाल्यावर तिने शाळेच्या प्रयोगशाळेत गळक्या सांध्याला कथिलाचा डाग देऊन तो बुजवला. मला वाटले, झाले. पण तिने तो तराजूत घातला. "डागाचंही वजन असतं. हा आता थोडा खोल बसणार, म्हणजे पातळी पुन्हा वर जाणार." म्हणून पेट्रोलची वाट थोडी लवकर बंद व्हावी यासाठी सुईच्या व्हॉल्व्हखाली आणखी एक वॉशर घातला. गाडी चालवून, बंद करून, झाकण काढून तिने स्वेटरची सुई उभी धरून पातळी मोजली आणि मला आत बघायला सांगितले. वाटीत पेट्रोल अगदी स्थिर होते. एवढ्याशा वाटीतली ती पातळी जागेवर असली की एवढी मोठी गाडी चार माणसांना घेऊन पूल चढते. अजूनही मला हे पूर्ण खरे वाटत नाही. त्यानंतर गाडी पुलावर कधी थांबली नाही, आणि दर जानेवारीत चोक ओढावा लागला.

गेल्या नोव्हेंबरात वैजयंती गेली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी वाढते आहे. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, माझा फ्लोट बसला." मला हसू आले. नर्स रागावली. याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

या जानेवारीत गाडी पुन्हा चोक न ओढता सुरू झाली. मी किल्ली काढली आणि सुजयला फोन केला की गाडी भंगारात ने. तो गुडगावला कंपनीत आहे. त्याच्या गाडीत कार्बोरेटरच नाही. रविवारी तो आला. "बाबा, कबाडीला बारा वाजता बोलावलंय. प्रॅक्टिकल व्हा. मी तुम्हाला छोटी नवी गाडी घेऊन देतो."

मी म्हणालो, "चालेल. जाण्याआधी एकदा पाणी तापव."

"आता? चहा?"

"आईचं पातेलं घे."

फ्लोट मी काढला. त्याने कानाशी हलवला. बाल्कनीत त्यानेच सांडशी धरली. बुडबुडे आले, पण दुसऱ्या टोकाच्या सांध्यातून. आईने दिलेल्या डागातून एकही नाही. तो बराच वेळ त्या डागाकडे पाहत होता. पाणी कोमट झाले तरी सांडशी सोडेना.

"बाबा, हे आईने केलंय? आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तू तेव्हा क्रिकेट खेळत होतास."

खाली कबाडी हाका मारू लागला. सुजय कठड्यावरून वाकून म्हणाला, "भैया, आज रहने दो. गाडी नहीं जाएगी." मग मला म्हणाला, "डाग दिल्यावर वजन वाढेल ना? मग पातळी?" पातळीची ती गोष्ट त्याला मी सांगितलेली नव्हती. म्हणून गाडी त्याची.

कलम ५. पाने, पक्कड, सांडशी, उरलेले वॉशर, स्वेटरची ती एक सुई आणि पातेले गाडीसोबत जातील. यांची वाटणी करू नये. जोडीतली दुसरी सुई क्षिप्राकडे जाईल. वर्षातून एकदा तिने ती घेऊन दिल्लीला यावे आणि पातळी भावासमोर स्वतः मोजावी.

कलम ६. राजीव खुराणा यांनी माझ्या गाडीला सोसायटीच्या सभेत 'डिब्बा' म्हटले आहे. त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. त्यामुळे साक्षीदार व्हायला ते कायद्याने पात्र ठरतात. मजकूर मराठीत आहे हेही बरे आहे.

कलम ७. माझ्यामागे मोठे विधी नकोत. मला यमुनेकाठी पोचवून आल्यावर सुजयने गाडी एकदा निजामुद्दीन पुलावरून न्यावी. पुढे कधी कडाक्याच्या थंडीत ती चोक न ओढता सुरू झाली, तर त्याने आनंद मानू नये. उतरावे, झाकण उघडावे आणि पाणी तापवायला ठेवावे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करीत आहे; त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या आहेत.

खंडेराव विनायक दळवी (सही)

साक्षीदार:
१. डॉ. भानुमती अय्यर (सही)
२. राजीव खुराणा (सही)

स्थळ: मयूर विहार, दिल्ली
दिनांक: ७ मार्च १९९९