एकशेसाठ सेंटिमीटरचा सूड

६ जानेवारी, सोमवार. दुपारी तीन, वाचनालय.

विद्यार्थी बंधूंनो आणि भगिनींनो! रक्ताचं पाणी करून लिहिलेली जर्नल ज्यांच्या तोंडावर फेकली गेली, त्या सर्वांनो! आणखी किती दिवस आपण लाल शाईसमोर मान खाली घालणार?

(हे भाषण कधी ना कधी करायचंच आहे. सुरुवात जमली. पुढचं नंतर.)

घडलं ते असं. भौतिकशास्त्राच्या सरांनी, म्हणजे लालपेनने, माझा लंबकाचा प्रयोग परत केला. दहा रीडिंग, दहाही वेळा गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.८१. शेरा : फारच सुंदर, पुन्हा करा. मी जाब विचारला. तो म्हणाला, निसर्ग इतका आज्ञाधारक नसतो. मी म्हणालो, निसर्गाचा माझ्यावर विश्वास आहे. त्यावर त्याने दहाव्या रीडिंगवर पेन ठेवलं. दोऱ्याची लांबी एकशेसाठ सेंटिमीटर. आपला स्टँड सव्वाशेचा आहे, तर हा दोरा टांगला कुठे होता?

मी म्हणालो, जिन्यात.

त्याने समासात लाल अक्षरात लिहिलं : 'जिन्यात'. सगळी लॅब हसली.

रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून घेतली होती, हे मान्य. पण सगळेच घेतात. बाकीच्यांनी आकडे थोडे बिघडवून घेतले, मी नीटनेटके केले. व्यवस्थितपणाची ही शिक्षा! लालपेनची सही नसेल, तर परीक्षेला बसता येणार नाही.

सूड.

७ जानेवारी, मंगळवार.

योजना तयार. या सत्रात तीन असाइनमेंट आहेत : भौतिकशास्त्र, संगणक, समाजशास्त्र. पहिलीने मला जखम केली, उरलेल्या दोन हत्यारं होतील. समाजशास्त्राचा सर्व्हे : प्रात्यक्षिकाच्या तासातली दडपशाही. संगणकाचा प्रोग्रॅम : त्याच सर्व्हेची उत्तरं गोळा करून थेट नोटीस बोर्डाच्या स्क्रीनवर दाखवणारा. वर्गात अठ्ठावन्न जण. सगळे लालपेनचं नाव लिहितील. तो राजीनामा देईल. नवा माणूस येईल आणि सही करेल.

तोपर्यंत लंबकाला हात लावायचा नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

९ जानेवारी, गुरुवार.

लॅबमधली जोडीदारीण, रोल नंबर एक्केचाळीस, विचारत होती, प्रयोग पुन्हा कधी करायचा? एक जण स्टॉपवॉच धरतो, दुसरा वीस दोलनं मोजतो, तेव्हा दोघं लागतात. तिला मी लढ्याचं स्वरूप समजावलं. पंचवीस मिनिटं. ती म्हणाली, अरे बाबा, एवढ्या वेळात सहा रीडिंग झाली असती. दूरदृष्टी नाही.

ती दुसऱ्या एका मुलीबरोबर प्रयोग करून मोकळी झाली. उत्तर आलं ९.६४. असल्या वेड्यावाकड्या उत्तराखाली लालपेनने सही केली!

१३ जानेवारी, सोमवार.

समाजशास्त्राच्या मॅडमना प्रश्नावली दाखवली. पहिला प्रश्न : 'सरांच्या छळाने तुम्ही किती खचला आहात? फार / अतिशय / पूर्ण'. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, हा सर्व्हे आहे की आरोपपत्र? सगळं खोडून एकच प्रश्न ठेवला : प्रात्यक्षिकाच्या तासात तुमचं काम कशामुळे अडतं? उत्तर मोकळं, नाव गुप्त.

चालेल. सत्याला मदतीची गरज नसते.

घरी ताईला सांगितलं. ती औषधाच्या दुकानात काउंटरला असते, दिवसभर माणसं पाहते. म्हणाली, उत्तर भलतंच आलं तर काय करशील रे? मी हसलो. माणसं ओळखायला पुस्तकं वाचावी लागतात, गोळ्या मोजून कळत नाही. तिने माझ्या ताटातली पोळी उचलून नेली.

१५ जानेवारी, बुधवार.

प्रोग्रॅम चालू झाला. चाचणी म्हणून एक उत्तर भरलं : लालपेन. अप्रतिम चालतो. पुढच्या बुधवारी बारा वाजता निकाल आपोआप स्क्रीनवर आणि सर्व शिक्षकांच्या मेलवर. तो दाबून टाकायचा प्रयत्न होणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आकडे बदलायचं किंवा स्क्रीन बंद करायचं बटणच ठेवलेलं नाही. कुणालाच नाही. मलासुद्धा!

आणि एक. आयुष्यात पहिल्यांदा असाइनमेंटचे आकडे बनवलेले नाहीत. गरजच काय? वर्ग माझा आहे. मला 'व्यासपीठ' म्हणतात ते उगाच नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार.

नोटीस : जर्नलवर सही घेण्याची अखेरची तारीख शनिवार, २५ जानेवारी, संध्याकाळी पाच. घाबरला आहे तो.

२० जानेवारी, सोमवार.

भराभर उत्तरं येत आहेत. माझ्याकडे बघून पोरं हसतात. विजयाची चाहूल. आज प्रात्यक्षिकात तिघांना थांबवून सांगितलं, घाबरू नका, मनातलं लिहा. एक जण म्हणाला, लिहिलंय रे, अगदी मनातलं. तेवढ्यात त्याची मोजणी चुकली. भावनेच्या भरात होतं असं.

२२ जानेवारी, बुधवार. सकाळी अकरा पन्नास.

नोटीस बोर्डासमोर पहिली जागा धरली. भाषण खिशात.

त्याच दिवशी, साडेबारा.

व्यासपीठ : ५०.
स्टॉपवॉच अडकतं : ७.
लालपेन : २.

वर्गात अठ्ठावन्न, उत्तरं एकोणसाठ. लालपेनच्या दोन उत्तरांपैकी एक माझं. दुसरा वीर कोण, शोध घेतला. तोही मीच, चाचणीचा.

खाली अभिप्राय फिरत होते. 'चौदाव्या दोलनाला तो मित्रांनो म्हणतो, की मोजणी गेली.' 'टेबल बदललं, तो तिथेही आला.' 'त्याच्या शेजारी लंबकसुद्धा लवकर थांबतो.' कुणीतरी स्क्रीन बंद करा, असं मी ओरडलो. एक्केचाळीस म्हणाली, बटण तूच ठेवलं नाहीस ना?

खिशातलं भाषण खिशातच राहिलं.

२३ जानेवारी, गुरुवार.

मॅडमनी सर्व्हेला वीसपैकी अठरा दिले. वर्गात सर्वांत जास्त. स्वतःच्या विरुद्धचे आकडे जसेच्या तसे मांडायला धैर्य लागतं, म्हणाल्या. मी नम्रपणे मान डोलावली.

या जोरावर लालपेनकडे गेलो. त्याने मेल वाचला होता. म्हणाला, हे आकडे कुरूप आहेत, म्हणून माझा यांच्यावर विश्वास बसला. आता लंबकाचे असेच आणा. मी म्हणालो, मग सर्व्हे बघूनच सही करा की. तो म्हणाला, दहा रीडिंग, दोन माणसं, शनिवारी पाचच्या आत. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू.

त्याच्याशी मी आता कधीच बोलणार नाही. सही झाल्यावर.

२४ जानेवारी, शुक्रवार. दुपारी चार.

एक्केचाळीसला विचारलं. म्हणाली, तुझ्यासाठी मागे चार वेळा मोजलं, चारही वेळा चौदावर अडकले. हात जोडते बाबा.

पाठच्या बाकावरच्या दोघांना विचारलं. एकाचं पोट दुखत होतं, दुसऱ्याचं दुखणार होतं. ताईला विचारलं, पण कॉलेजबाहेरचं माणूस चालत नाही. लॅबच्या शिपाईकाकांना विचारलं. ते म्हणाले, साहेब, मोजेन हो, पण तुम्ही बाहेर उभे राहा. मग घड्याळ कोण धरणार?

वर्गाच्या दारावर चिठ्ठी लावली आहे. तीन वेळा लिहून काढली. पहिली सव्वादोन पानांची होती. ही शेवटची :

'उद्या शनिवार, दुपारी दोन वाजता, भौतिकशास्त्राची लॅब, खिडकीजवळचं टेबल. वीसपर्यंत मोजता येणारा एक माणूस हवा आहे. मी बोलणार नाही. तोंडाला रुमाल बांधून उभा राहीन. कुणीही चालेल, ज्यांनी माझं नाव लिहिलं तेही. फक्त एकाने या.'