तुमच्या वाटची गोळी

अहो,

रात्रभर तुमचा डोळ्याला डोळा लागला नाही, पहाटे लागला म्हणून उठवलं नाही. कामावर माझी पहिली पाळी आहे आणि बदली कोणी मिळालं नाही.

काल सांजवेळी वातींच्या डब्यात तुमच्या नऊ गोळ्या सापडल्या. माझा उपासांचा नेम पुरा झाला त्या दिवसापासूनच्या. "ह्यांची गोळी सुटू दे," असं मी देवाला म्हणायची, ते तुम्ही ऐकलंत आणि माझा शब्द पडू नये म्हणून सोडून बसलात. चूक माझीच. काल तोंडावर बोलायचा धीर झाला नाही.

डॉक्टरांना फोन केला होता. ही चक्कर, हा घाम त्यामुळेच असेल, म्हणाले. ही मनाच्या आजाराची गोळी एकदम तोडायची नसते. वेळ आली की ते स्वतः हळूहळू कमी करतील. आज नेहमीची एकच घ्या, नाश्ता करून. राहिलेल्या भरून काढायला दोन घ्यायच्या नाहीत. स्कूटरला हात लावू नका. पाचला त्यांनी बोलावलंय, मी येतेच.

एक गोळी वाटीखाली आहे. बाकीच्या माझ्या पिशवीत नेल्यात, रागावू नका. मनात नको ते आलं तर माझी पाळी-बिळी बघू नका, लगेच फोन करा.

तुमच्या वाटचा उपास मी जन्मभर करीन हो, पण तुमच्या वाटची गोळी मला गिळता येत नाही.

नऊच्या सुट्टीत फोन करते. घेतली म्हणून सांगू नका, घेऊन सांगा.