तुळईवर रंगवलेलं वचन

४ फेब्रुवारी, रविवार

घडलं ते असं.

१. चर्चच्या सज्जाखालची मोठी तुळई भिंतीजवळ चिरली आहे, हे मला गेल्या महिन्यात दिसलं.
२. भेगेवर मी काचेची बारीक पट्टी चिकटवली. भेग वाढली तर काच तडकते.
३. काच तडकली. कमिटीच्या सेक्रेटरींना सांगितलं.
४. त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं. त्याने काच खरवडून काढली, भेगेत पुट्टी भरली, वर पांढरा रंग दिला.
५. त्या रंगावर निळ्या अक्षरांत वचन लिहून घेतलं – देव आपल्याला कधी सोडणार नाही, या अर्थाचं.
६. आज त्याच सज्जात गायकगट उभा राहिला. पुढच्या रांगेत आई.

गाणं मला ऐकूच आलं नाही. मी तुळई बघत होते.

रंगारी उरलेला डबा न्यायला आला होता. त्याला विचारलं, भेग दिसली नाही का? "ताई, अक्षरं सरळ आलीत का ते सांगा. लाकडाचं मला कशाला विचारता?"

६ फेब्रुवारी, मंगळवार

इमारती तपासणं हे माझं काम आहे. पगार त्याचाच मिळतो. तरी सेक्रेटरी मला समजावतात – "विश्वासाला असं टोचून बघायचं नसतं, ताई. वर देवाचं वचन लिहिलंय."

"वचन वर आहे. भेग त्याच्याखाली आहे."

"तुमचे बाबा असते तर असं बोलले नसते."

बाबांचं नाव या माणसाने घ्यावं! बाबा बांधकामाच्या परांचीवरून पडले. कुजकी फळी, कुणी तपासली नव्हती. मी तेव्हा कॉलेजात होते. दफनाच्या वेळी याच माणसाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, वचन कायमचं असतं, बेटा. त्या दिवसापासून मी चर्चला जाते ती आईसाठी. प्रार्थनेत डोळे मिटते, एवढंच.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आईला सांगितलं, रविवारी वर जाऊ नकोस.

"सज्जा बंद करायला लावलास तर चारचौघांत माझं नाक कापलं जाईल."

"नाक राहील. मान मोडेल."

"मी देवाच्या भरवशावर उभी राहते गं."

"देवाच्या नाही. लाकडाच्या."

तिने पातेलं इतक्या जोरात आपटलं की झाकण उडालं. मग अबोला. मलाही बोलायचं नव्हतंच.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

इमारत खात्यात तक्रार दिली. स्वतःच्या नावाने.

११ फेब्रुवारी, रविवार

काल खात्याचे इन्स्पेक्टर येऊन सज्जाच्या जिन्याला कुलूप घालून गेले. गायकगट आज खाली, दाराजवळ दाटीवाटीने उभा होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आल्या बघा हातोडीबाई." दोघंतिघं हसली. गाणं संपल्यावर आई माझ्या बाकाशी आली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे जाऊन दुसरीकडे बसली.

पाळकांनी क्षमेवर प्रवचन केलं. क्षमा कुणी कुणाला करायची ते मात्र सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सुताराने तुळईचं टोक उघडलं. पाळकांनी मलाही बोलावलं होतं. रंग, पुट्टी, निळी अक्षरं – सगळं एका पापुद्र्यात निघालं. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर लावावाच लागला नाही. मुठीपर्यंत आत गेला. भिंतीतला पाइप झिरपत होता. टोकाचा पार भुगा झालेला.

सुतार म्हणाला, "ही नुसती सवयीने उभी होती."

सेक्रेटरी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता तरी चुकलो म्हणतील.

१८ फेब्रुवारी, रविवार

म्हणाले नाहीत. उलट आज सेक्रेटरी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहिले. "देवाने आपलं वचन पाळलं. कुणाच्या केसालाही धक्का लागू दिला नाही." मंडळी आमेन म्हणाली. काच खरवडून काढायला लावणारा हाच माणूस. मी हात मांडीखाली दाबून ठेवले.

घरी आल्यावर फुटले. देवाने? देव गेला होता इमारत खात्यात?

आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "अर्धं खरं सांगितलं त्याने. वाचवलं देवानेच. तुझ्या हातून वाचवलं, हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही."

"मी देवासाठी नाही केलं. तुझ्यासाठी केलं."

"मग? वचन मलाच दिलंय. लाकडाला कुठे दिलंय?"

इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते तेव्हा तोंडातून गेलं. "आणि बाबांना?"

आईने ओल्या हाताने गॅस बंद केला.

"ते मी त्याला रोज विचारते," म्हणाली. "तू कधी विचारलंस?"

१९ फेब्रुवारी, सोमवार

देवा,

आज वहीसाठी लिहीत नाही, तुला लिहिते आहे.

आईसाठी तू मला पाठवलंस, असं ती म्हणते. मग त्या दिवशी बाबांच्या फळीकडे कुणालाच का पाठवलं नाहीस? तुझे मार्ग आम्हाला कळत नाहीत, हे सांगू नकोस. ते सेक्रेटरींकडून ऐकून झालंय. आणि तुझं वचन माणूस पडल्यावरही, पुरल्यावरही लागू राहत असेल, बाबा आज त्याच वचनात असतील, तर तेवढं मला स्वच्छ सांग. मला ते हवं आहे.

कृपया रविवारच्या प्रार्थनेआधी, शनिवार, २४ तारखेपर्यंत उत्तर दे.