पाठ फिरवून बसलेला परीक्षक

३ मार्च

चि. छकुलीस,
साठी ओलांडलीस तरी आशीर्वादच. फोनवर हल्ली तू पुटपुटतेस, म्हणून लिहितो. काल शाळेत कवितापाठांतराची स्पर्धा झाली. एक चिमुरडी अशी रंगली की मी मनाने थेट माझ्या चौथीच्या बाकावर जाऊन बसलो! पहिला नंबर दिला आणि सभागृहात हशा. भीतीने पोरीचा आवाजच फुटला नव्हता म्हणे, नुसते ओठ हलत होते. मला तर अख्खी कविता कळली, चालीसकट! मुख्याध्यापिकाबाई गोड शब्दांत म्हणाल्या, आजोबा, पुढच्या वर्षी विश्रांती घ्या. एकवीस वर्षांची माझी परीक्षकाची खुर्ची गं ती. कशात जीव रमत नाही.
लोभ आहेच, उत्तराला ताटकळत ठेवू नकोस.
तुझा दादा

११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.
आधी पोट धरून हसले, मग पत्र पुन्हा वाचलं. दादा, तुला ऐकू येत नाही. चाळीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढलीस. तिथे सगळेच ओठांवरून बोलणं ओळखायचे. ती सवय इतकी मुरली की तुझं तुलाच कळलं नाही. त्यात खिडकीखाली तो पत्रे कापणारा दिवसभर! गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं राखता येतं, हे नर्स म्हणून सांगते. खुर्ची हवी ना? मग चौथीच्या बाकाची स्वप्नं पुरेत, कान तपासून घे.
रागाव हवं तर, माया मात्र पातळ करू नकोस.
तुझी छकुली

पुढच्या वर्षी, २ मार्च

चि. छकुलीस आशीर्वाद, आणि आज चोरून एक नमस्कारही!
कानातली यंत्रं अंगवळणी पडली. यंत्र आत हलव म्हणायला पत्रेवाल्याकडे गेलो होतो, ते सांगायचं राहिलंच. पत्रे कापायच्या गोंगाटात तो कारागिराला म्हणाला, या थेरड्याला कुठे ऐकू जातंय, करू दे बडबड. यंत्र थांबताच मी ओठांवरून टिपलेलं त्याचं वाक्य त्यालाच जसंच्या तसं म्हणून दाखवलं. लालबुंद झाला बिचारा! आता यंत्र मागच्या बंद शेडमध्ये आहे.
काल स्पर्धा होती. बाई कचरत होत्या. मी म्हटलं, मुलांकडे पाठ करून बसतो, एकही ओठ बघणार नाही. बसलो, डोळे मिटले. काय सांगू, एकेक नाजूक अक्षर पानावरून थेंब ओघळावा तसं कानात आलं. शेवटच्या मुलाने मधली एक ओळ इतक्या सफाईने गिळली की बाकी दोघा परीक्षकांना पत्ताच नाही. मी वळलो आणि ती ओळ खणखणीत म्हटली. पोरगं जीभ चावून हसलं. सभागृह टाळ्यांनी दणाणलं! बाईंनी पुढच्या वर्षाचं निमंत्रण तिथेच दिलं.
कानातल्या यंत्रांचा आवाज कमी करायची सोय आहे, छकुले. टाळ्यांच्या कडकडाटातही मी केला नाही.
आहेस तशीच रागावत राहा.
तुझा दादा