नमुन्याशिवाय माल

आबा, दुकान विकलेलं नाही. हे आधी सांगते, बाकीचं नंतर. बडोद्यात मकरपुऱ्याच्या रस्त्यावर पाटी तीच आहे, फक्त रंग नवा. शटर मी उघडते. आत तेलाचा वास पूर्वीइतका नाही, माल कमी दिसतो, आणि तुमची खुर्ची होती तिथे टेबलावर कॉम्प्युटर आहे. जुन्या जीपचे सुटे भाग अजून इथे मिळतात. ते नमुन्याशिवाय मिळतात, आणि हे तुम्हाला रुचणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहितेय.

तुमच्या दुकानात नमस्काराच्या आधी "नमुना आण" असायचं. माणूस सावली गावाहून एसटीने आला असला तरी त्याने जुना भाग गाडीतून काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून आणलाच पाहिजे. मग तुम्ही डोळे मिटून बोल्टच्या आट्यांवरून अंगठा फिरवायचात, मागे न बघता खोक्यात हात घालायचात आणि त्याच्याच जोडीचा नवा काढून गल्ल्यावर ठेवायचात. लोक थक्क व्हायचे. मी विद्यापीठातून पदार्थविज्ञान घेऊन बाहेर पडले होते, आणि मला त्या अंगठ्याला काय कळतं ते आकड्यांत हवं होतं. विचारलं की तुम्ही म्हणायचात, "ते सांगता येत नाही पोरी, हाताला कळतं." जे सांगता येत नाही ते तुमच्याबरोबरच जाणार, हे मला तेव्हाही दिसत होतं. तुम्हाला ते दिसत नव्हतं, की बघायचं नव्हतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग रक्तातल्या साखरेने तुमची बोटं बधिर व्हायला लागली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, दुकानात कुणी बोलायचं नाही. एका ट्रॉलीवाल्याला तुम्ही चुकीचे नट दिलेत. तो दुपारी परत आला, तर त्यालाच म्हणालात, "तुझा बोल्ट बिघडलाय." मी पर्समधून व्हर्नियर काढला, त्याच्यासमोर माप घेतलं आणि सांगितलं की बोल्ट ठीक आहे, नट बारीक आट्यांचा दिला गेलाय. त्या माणसाने खाली बघितलं. तुम्ही म्हणालात, "ही काय कॉलेजची प्रयोगशाळा आहे? नवऱ्याच्या घरी जा." मी तरसालीला घरी गेले, स्वयंपाक केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दुकानात आले.  गिऱ्हाइकासमोर तुम्हाला खोडल्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. माणूस बरोबर होता, त्याला दिलेला नट चुकीचा होता, एवढंच.

तुम्ही गेलात तेव्हा देशाचा बाजार परदेशी मालाला उघडून बरीच वर्षं झाली होती. रस्त्यावर नव्या मोटारी, शोरूममध्ये एसी, आणि जुन्या जीपचे भाग येणं जवळजवळ बंद. अर्धं दुकान काकांचं. तेरावं झाल्यावर ते म्हणाले, "मोबाइलवाला जागा मागतोय. दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर सोडून देऊ. जावई रिफायनरीत आणि मुलगी नट-बोल्टात, हे बरं दिसतं का?" मी म्हटलं, "दिसण्याचं दिवाळीनंतर बघू." त्याच आठवड्यात दुकानात टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट घेतलं. तुम्ही जिवंत असताना मी हे सुचवलं होतं, तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "टीव्हीतून बोल्ट निघणार काय?" निघाले, आबा. जुन्या जीप घेऊन, त्या उंच करून, नदीत आणि डोंगरात घालणारी माणसं देशभर होती. पुण्याची, कोइम्बतूरची, कुठलीकुठली. ती इंटरनेटवर एका जागी लिहीत बसायची: कोणाकडे पुढच्या चाकांचे हब आहेत, कोणाच्या गोदामात जुन्या गिअरपेट्या पडल्यात, कोण अजून कमानींच्या, म्हणजे चाकांवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगांच्या, पिना लेथवर कातून देतो. एकेक फोटो वरून खाली यायला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात मी चहा टाकून यायची.

पहिलं मोठं काम सावलीच्या एका पटेलांचं. शेती मोठी, हौस त्याहून मोठी. मही नदीच्या कोतरांत, तिथल्या खोल घळींत, जीप उतरवायची होती, त्यासाठी कमानी बदलायच्या होत्या आणि त्या धरणाऱ्या पिना हव्या होत्या. बडोद्यात कुठेच नाहीत. कोइम्बतूरच्या एका माणसाने लिहिलं, माप पाठवा, तसे कातून देतो. मी पटेलांकडून जुनी पिन मागवली, जिथे ती कमानीच्या नळीत फिरते तिथे व्हर्नियर लावला, माप पाठवलं. पार्सल आलं, पिना देखण्या होत्या. पटेल त्या बसवून गेले आणि चार दिवसांनी दारात उभे. "बेन, पिन तो सारी छे, पण बहु खखडे छे." पिना दिसायला चांगल्या, पण नळीत सैल होत्या, रस्ताभर खडखडत आल्या होत्या. ते रागावले नव्हते, पण त्यांची जीप बाहेर उभी होती आणि दिवाळी जवळ येत चालली होती.

काका नेमके दुकानात. म्हणाले, "दादा असता तर अंगठा लावून सांगितलं असतं."

मी ती जुनी पिन हातात घेऊन बसले. मधला भाग वर्षानुवर्षं घासून बारीक झालेला, आणि मी त्याच भागाचं माप पाठवलं होतं. घासलेल्या पिनेएवढी नवी पिन मागवली, आणि ती तशीच आली. डोक्याच्या लगत, जिथे पत्रा बसतो आणि घासत नाही, तिथे मूळ माप होतं तसंच शिल्लक होतं. चूक माझ्या हातून झाली हे खरं, पण ती मी तुमच्या गल्ल्यावर शिकले होते. नमुना समोर ठेवला की तो खरा, हे तुम्हीच डोक्यात बसवलंत. मी काकांना म्हटलं, "आबांनी घासलेल्याला घासलेलंच जुळवून दिलं असतं. म्हणून तर गिऱ्हाईक दरवर्षी परत यायचं."

काका हसले. "अगं, तोच तर धंदा होता."

मी नवं माप पाठवलं. या वेळी कोइम्बतूरला बजावून लिहिलं की कातलेल्या पिनेला माप लावून त्याचा फोटो पाठवा, मगच पार्सल बांधा. त्याला राग आला असावा, पण फोटो आला. पटेलांची जीप कोतरांत उतरली आणि वर आली. पुढच्या रविवारी ते आपल्या मित्रांना घेऊन दुकानात आले, कुणाला हब हवे, कुणाला अडकलेली गाडी ओढायचे हूक, कुणाला फक्त बोलायचं. बसायला जागा उरली नाही तेव्हा काकांनी उठून स्टूल दिलं आणि चहा सांगितला. जाताना म्हणाले, "मोबाइलवाल्याला मी नाही म्हणून सांगतो." दिवाळीला अजून वेळ होता.

आता हेच काम. रोज कुणीतरी फोटो पाठवतो आणि विचारतो, हे बसेल का. मी नुसत्या फोटोवर जात नाही. जाडी किती, आटे किती, दाते किती, आणि घासलं नाही तिथलं माप काय, हे लिहून द्या म्हणते. "सगळ्या जीपना बसतं" असं लिहिणाऱ्याकडून काहीही घेत नाही. ओढायचा हूक चकचकीत असेल तर आधी विचारते की तो किती वजन झेलतो. उत्तर आलं नाही की विषय संपला. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला हे सांगता येतं, लिहून देता येतं, आणि मी नसले तरी त्यांना करता येतं. तुमचा अंगठा तुमच्याबरोबर गेला. माझं माप राहील. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा घरी पाठवलं असतंत, आणि मी पुन्हा आले असते.

हे पत्र टाकायला पेटी नाही, त्यामुळे ते ड्रॉवरमध्ये राहील. एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितलेली नाही. त्या जीपवाल्यांच्या इंटरनेटवरच्या जागेवर खातं उघडताना नाव विचारलं, तेव्हा मी तुमचं घातलं. बाईने सांगितलेलं माप कोण मानणार, असा हिशेब होता. आता तशी गरज उरलेली नाही, तरी बदललं नाही. लांबलांबची मुलं तिथे लिहितात, "काका, तुम्ही सांगितलंत म्हणून बसलं." मी "बरं झालं" असं लिहिते आणि खाली तुमचं नाव येतं. ते मी बदलणार नाही.