टोपीआधीचे डोके

ती. मामांस,

उजवा गाल सुजलेला असल्यामुळे डाव्या कुशीवरून केलेला साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आणि मामींचा रक्तदाब हल्ली निदान आलटूनपालटून तरी त्रास देत असतील, अशी आशा करते.

पत्रास कारण की, माझी उजवीकडची खालची दाढ निवर्तली. पूर्णपणे नव्हे, पाव हिस्सा अद्याप सेवेत आहे. (बाकीचा मी ग्रंथालयात बदामाबरोबर गिळला. बदाम आईने स्मरणशक्तीसाठी दिला होता, त्यामुळे तो प्रसंग विसरता येत नाही.) दंतवैद्यांनी मूळ साफ करून, वर टोपी बसवावी लागेल असे सांगितले. टोपीची किंमत आणि परीक्षेत पहिली आल्याबद्दल मिळालेले बक्षीस यांचा आकडा जवळजवळ जुळत होता. त्या बक्षिसातून मी शब्दकोश घेणार होते. परंतु शब्द उच्चारण्यास दाढ हवी, अशी मनाची समजूत घालून रक्कम घेऊन गेले.

खुर्चीत आडवी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “अहो, टोपी घालायला आधी डोकं नको का? तुमचं नुसतं कपाळ उरलंय.” तेव्हा कळले की आधी त्या उरलेल्या पावात खांब रोवायचा, भोवती भराव घालून दाढ उभी करायची, आणि या बांधकामाचे पैसे टोपीहून वेगळे, जवळपास टोपीइतकेच. आपण आयुष्यभर घरे बांधलीत, म्हणून आपणांस सांगते : कौले विकत घेऊन प्लॉटवर जावे आणि भिंतीच नाहीत असे दिसावे, तसे झाले. बांधकाम न केल्यास दाढ काढण्यावाचून गत्यंतर नाही.

यावर मी काही बोलले असते. परंतु तोंडात डॉक्टरांचे दोन्ही हात, एक नळी आणि कापसाचे बोळे होते, आणि प्रश्न नेमके तेव्हाच विचारायचे, असा या व्यवसायाचा शिरस्ता दिसतो. खांब साधा की भारीतला? मी मान डोलावली; भारीतला ठरला. भराव साधा की टिकाऊ? पुन्हा डोलावली; टिकाऊ ठरला. (शाळेत शिकवणाऱ्यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावून मी पहिला क्रमांक राखला, ही सवय मानेतच मुरली आहे.) मदतनीस बाई कौतुकाने म्हणाल्या, “किती गुणी पेशंट. बाकीचे दरावरून डोकं खातात, ही पोरगी सगळ्याला हो.”

असो. पैशांविषयी लिहिण्याचा हेतू मुळीच नाही. केवळ अनुभव म्हणून कळवले. मामींना नमस्कार.

आपली आज्ञाधारक (हेच दुखणे आहे),
भाची

ता. क. : बांधकाम गुरुवारी सुरू होईल. विटांच्या दरावरून आपण भल्याभल्यांना रडकुंडीला आणता, असे मामी अभिमानाने सांगतात. त्या दिवशी सोबत येऊन ‘साधा भराव चालणार नाही का?’ एवढेच विचाराल का? मला ते वाक्य आरशासमोर अस्खलित म्हणता येते.

ता. क. दुसरा : निघताना डॉक्टर ‘मग डावीकडच्या दोन्ही दाढांचंही लगेहात उरकून टाकू’ असे म्हणाल्याचे आता आठवते. मी काय केले असेल, ते आपण ओळखलेच असेल. तरी दराचे मागाहून पाहू. आधी त्या दोघी धडधाकट आहेत, त्यांना वाचवावे.